खाड्याचे पैसे कोण देणार? : कामगार मंत्री आणि वित्त मंत्री यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि मा. वित्त मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : आजारपण, अपघात किंवा बाळंतपणामुळे काही काळ काम बंद ठेवावं लागणाऱ्या, स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी भत्ता

सन्माननीय महोदय,

जून महिना उजाडला की माझ्या साताऱ्यातल्या छोट्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, हे अडीच हजार कशाचे?" विचारणारा कधी सलूनवाला असतो, कधी लग्नाचे फोटो काढणारा, कधी फ्रिज-एसी दुरुस्त करणारा, कधी घरच्या घरी क्लास घेणाऱ्या बाई. मी करसल्लागार आहे. व्यवसाय कराची ३० जूनची तारीख चुकू नये म्हणून या मंडळींना आधीच फोन करतो, चलन काढून देतो आणि ठरलेलं उत्तर देतो : नोकरदारांच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात ना, तोच हा कर. तुम्ही वर्षाचा एकदम भरायचा, एवढंच. गेल्या खेपेला सलूनवाल्याने पुढचा प्रश्न टाकला. "कर दोघांचा सारखा. पण नोकरीवाला आजारी पडला तर त्याला रजा आहे. आमचा खाडा झाला तर?"

याचं उत्तर माझ्या अखत्यारीत नाही, आपल्या आहे. दोघांना एकत्र लिहितोय त्यालाही कारण आहे. अशी मागणी कामगार विभागाकडे गेली की निधीचं वित्त विभाग बघेल असं उत्तर येतं, आणि वित्त विभागाकडे गेली की धोरण कामगार विभागाने ठरवायचं असं. सरकारी पत्रं वाचण्यातच माझा धंदा चालतो, त्यामुळे ही ओळख जुनी आहे.

हा कर आला कुठून, ते आधी सांगायला हवं, कारण माझं पुढचं सगळं मागणं त्यावर उभं आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उचलून धरली. तिच्या खर्चाची तजवीज म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. बाकी देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं. म्हणजे ज्याच्या हाताला काम आहे त्याने, ज्याच्या हाताला नाही त्याच्या मजुरीसाठी चार पैसे द्यायचे, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं आणि शहरातल्या वकील-डॉक्टर-दुकानदारांनी ते गुपचूप भरलंही. चांगलंच केलं. मी त्या खर्चाला हात लावा म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की तेच तत्त्व आणखी एक पाऊल पुढे न्या. काम आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, पण हातच चालत नाही, अशा माणसाला आज कसलीच हमी नाही. आणि तो तुमचाच करदाता आहे.

हे नेमकं कसं घडतं ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याच पेठेत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आहेत. हात इतका चांगला की लग्नसराईत दोन महिने आधी कापड टाकावं लागतं. त्यांना ऐन हंगामात चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण बोटांचे सांधे धरले ते धरलेच. कात्री आवळता येईना. भिंतीवरच्या खिळ्यांना पिशव्या लावलेल्या. प्रत्येकीत कापड, अस्तर आणि वर टाचणीने लावलेली चिठ्ठी : नाव, तारीख, गळा मागून खोल, बाही कोपरापर्यंत. पहिला आठवडा बायका थांबल्या. "बरं वाटलं की द्या हो." दुसऱ्या आठवड्यापासून पिशव्या उतरायला लागल्या. ताई गरम पाण्याच्या पातेल्यात बोटं बुडवून बसल्या होत्या आणि मुलगी वहीतली नावं खोडत होती. ताई मला म्हणाल्या, "नुसतं कापड नेलं तर बाई परत येते. मापाचा ब्लाउज मागून घेतला की ती गेली."

औषधांना दोन-अडीच हजारांच्या वर गेले नाहीत. बुडाला तो हंगाम, आणि हंगामाबरोबर गिऱ्हाईक. आपल्या सगळ्या आरोग्य योजना औषध आणि ऑपरेशनच्या खर्चाभोवती फिरतात. बुडालेला हंगाम कुठल्याच योजनेच्या हिशेबात येत नाही.

आता मंत्रालयातून उत्तर येईल की योजना भरपूर आहेत, लोकांपर्यंत पोहोचत नाहीत. लोकांपर्यंत त्या पोहोचवणं हेच अर्धं काम मी करतो, म्हणून एकेक सांगतो.

पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, बँकेतून आपोआप कापले जातात. माझ्या बहुतेक क्लायंटकडे आहे. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे कायमचे गेले तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख, अपघाती मृत्यूला २ लाख. हात मोडून तीन महिने गळ्यात अडकवून बसलात तर काही नाही. हात तुटायला हवा, मोडून भागत नाही, हे मला लोकांना समजावून सांगावं लागतं आणि ते सांगताना माझीच मान खाली जाते. जीवनज्योती विमा मेल्यावर. श्रमयोगी मानधनची पेन्शन साठीनंतर. अटल पेन्शनचंही तेच. म्हणजे मेल्यावर आहे, म्हातारपणी आहे, कायमचं अपंगत्व आलं तर आहे. पंचेचाळिशीतला माणूस तीन महिने आडवा पडला आणि पुन्हा उठून कामाला लागणार असेल, तर त्या तीन महिन्यांसाठी काही नाही. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम कार्ड २०२१ च्या ऑगस्टपासून निघतंय, देशात तीस कोटींच्या वर नोंदणी झाली. लोक ते लॅमिनेट करून पाकिटात ठेवतात आणि मला विचारतात, आता याचं काय करायचं?

खाजगी विम्यात मात्र एक खिडकी आहे आणि ती मी आवर्जून दाखवतो. अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींत तात्पुरत्या अपंगत्वाचं कलम असतं : काम बंद असेल तोवर दर आठवड्याला विमा रकमेच्या साधारण एक टक्का, शंभर आठवड्यांपर्यंत. पॉलिसी घेताना हे कलम आहे का ते विचारून घ्या, कारण स्वस्तातल्या पॉलिसीत ते गाळलेलं असतं आणि एजंट आपणहून सांगत नाही. पण ते फक्त अपघाताला. चिकुनगुनिया, कावीळ, टीबी, कमरेची नस, यांना नाही. शिवाय दर आठवड्याला किती मिळणार याला उत्पन्नाची मर्यादा, आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणजे रिटर्न. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण उत्पन्न कमी दाखवा म्हणतो, कर्ज काढताना जास्त दाखवा म्हणतो, आणि क्लेमच्या वेळी दोन्हीकडून अडकतो. हॉस्पिटल कॅश नावाचा विमा दाखल असेपर्यंतच्या दिवसांचे पैसे देतो. मोडलेल्या पायासाठी दवाखान्यात चार दिवस, घरी तीन महिने, हे गणित त्यात बसत नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तेवढा दिलासा मिळाला.

मग लोक करतात काय? आधी घरातली शिल्लक. मग भिशी लवकर उचलतात, वर तोटा सोसून. मग बायकोचं मंगळसूत्र सोनेतारणात. मग पतसंस्था, मग सासुरवाडीकडून हातउसने. हा क्रम इतका ठरलेला आहे की समोरचा माणूस कुठल्या पायरीवर आलाय ते त्याच्या पासबुकावरून मला कळतं. आणि शेवटची पायरी म्हणजे बरं व्हायच्या आधी कामावर जाणं.

माझ्याकडे रिक्षा चालवणारे एक गृहस्थ येतात. मागच्या पावसाळ्यात गाडी घसरून पायाचं हाड मोडलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला, एक रुपया लागला नाही. त्या योजनेचं मला कौतुक आहे. कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आता राज्यातल्या सगळ्यांसाठी खुलं केलं, हे मोठंच काम झालं. पण घरी आल्यावर? डॉक्टरांनी पायावर वजन द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं. गाडी बदली ड्रायव्हरला शिफ्टवर दिली. त्याने दिवसाचे ठरलेले पैसे चार दिवस दिले, पाचव्या दिवशी धंदा नव्हता म्हणाला, आणि महिन्याच्या शेवटी क्लच जाळून गाडी दारात आणून लावली. फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले. दोन हप्ते थकले की गाडी ओढून नेतात, हे रिक्षा स्टँडवर लहान पोरालाही माहीत असतं. हे गृहस्थ मुदतीच्या निम्म्यातच कुबडी मागच्या सीटवर टाकून गाडीवर बसले. पाय वाकडा जुळला. आता दुसरं ऑपरेशन सांगितलंय, तेही योजनेतूनच होईल. सरकारने पहिल्या ऑपरेशननंतर महिनाभराची भाजी-भाकरी दिली असती तर दुसऱ्याचा खर्च वाचला असता. वित्त विभागाला ही वजाबाकी कळायला हरकत नाही.

आणि याच गृहस्थांचा धाकटा भाऊ एमआयडीसीत हेल्पर आहे, महिना १५ हजारांवर. त्याच्यासाठी राज्य कामगार विमा योजना आहे, म्हणजे ईएसआय. मूळ कायदा १९४८ चा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर मालक सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का. आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. टीबी-कॅन्सरसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. कामावर अपघात झाला तर ९० टक्के. ईएसआयच्या दवाखान्यांबद्दल लोक काय बोलतात तो वेगळा विषय आहे, पण रोख भत्त्याचं हे कोष्टक चोख आहे. दोन सख्खे भाऊ, एकाच घरात, एकाच डासाने चावलेले. एकाला दिवसाला साडेतीनशे, दुसऱ्याला शून्य. फरक इतकाच की एकाला मालक आहे.

मालक नाही म्हणून हक्क नाही, हे उत्तर निदान महाराष्ट्राने तरी देऊ नये. १९६९ च्या आधी माथाडी कामगारांनाही हेच सांगितलं जायचं. आज या व्यापाऱ्याची गाडी उतरवली, उद्या त्याची. मालक नेमका कोण? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून कायदा झाला आणि राज्याने वाट काढली : मंडळ स्थापन करा, मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के वर्गणी, घ्या, त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना चालवा. मालक अनेक असले तरी हक्क एका ठिकाणी जमा करता येतो, हे देशाला आपण दाखवून दिलं. पुढे २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी मंडळाचा कायदा केला. तो किती चालला यावर न बोललेलं बरं. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठीही अलीकडे कल्याणकारी मंडळ झालंय. पण सलूनवाला, शिंपी, प्लंबर, फोटोग्राफर, ट्यूशनवाल्या बाई, लॅपटॉपवर भाषांतरं करून देणारी मुलगी, या प्रत्येकाचं वेगळं मंडळ काढत बसलात तर आणखी पन्नास वर्षं जातील. दर मंडळाला अध्यक्ष, गाडी आणि बोर्ड मात्र लगेच मिळेल.

तत्त्व म्हणून सरकारने हे एकदा मान्यही केलंय. २०२१ च्या एप्रिलमध्ये निर्बंध लावताना राज्याने परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, बांधकाम कामगारांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. आम्ही तुमचं काम थांबवतोय, तर तेवढे दिवस आमच्यावर, असा त्याचा अर्थ. रक्कम किरकोळ होती, आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून अनेकांचे अर्ज लटकले, पण दार उघडलं गेलं. रोगाने सगळ्यांना एकदम गाठलं तर मदत, एकट्याला गाठलं तर ज्याचं त्याने बघावं, हा हिशेब पटण्यासारखा आहे का?

आता मागणं.

पहिलं काम पूर्णपणे राज्याच्या हातातलं आहे. जन आरोग्य योजनेत रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याचं आधार, रेशनकार्ड, आजार, ऑपरेशन, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, सगळं सरकारच्या संगणकात जातं. कोण कधी आडवा पडलाय हे सरकारला शेजाऱ्यांच्या आधी कळतं. त्या डिस्चार्ज कार्डालाच भत्ता जोडा. प्रत्येक ऑपरेशननंतर किती दिवस विश्रांती लागते याचा तक्ता डॉक्टर मंडळी एका बैठकीत करून देतील. तेवढ्या दिवसांचे, कमाल महिनाभराचे, रोज ३०० रुपये थेट खात्यावर. नवा अर्ज नको, तहसीलदाराचा दाखला नको, सेतू केंद्रात रांग नको.

हे मी हवेत बोलत नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये आरोग्य आसरा या नावाने हेच सुरू केलं : ऑपरेशननंतरच्या विश्रांतीच्या काळात दिवसाला २२५ रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५ हजार. पुढे तिथलं सरकार बदललं, आरोग्य योजनेचं नाव बदललं. त्या राजकारणात आपल्याला पडायचं नाही. कल्पना घ्या, नाव आपल्या आवडीचं द्या.

खर्चाचं विचाराल तर माझ्याच टेबलावरचा हिशेब सांगतो. एका माणसाला महिनाभराचे ९ हजार. व्यवसाय कर भरणाऱ्या चौघांचा वर्षाचा कर १० हजार. म्हणजे दरवर्षी चारांतला एक जण पूर्ण महिना अंथरुणाला खिळला, तरच हे पैसे संपतील. माझ्याकडच्या क्लायंटांत इतकं आजारपण मी कोविडच्या वर्षातही पाहिलं नाही. अर्थात व्यवसाय कर न भरणारे, त्याच्या कक्षेत न येणारे अतिगरीब लोक यात असणारच. त्यांच्यासाठी ई-श्रमचं कार्ड आहे. पाकिटातल्या त्या लॅमिनेट केलेल्या कार्डाला निदान एक उपयोग मिळेल.

खोटी सर्टिफिकेटं निघतील, ही हरकत पहिल्या बैठकीतच येईल, मला खात्री आहे. निघतील की. मेडिकल रजेची सर्टिफिकेटं सरकारी कचेऱ्यांतही निघतात, त्यासाठी कुणी वैद्यकीय रजा रद्द केलेली नाही. आणि म्हणूनच सुरुवात डिस्चार्ज कार्डापासून करा म्हणतोय. पायातला रॉड खोटा टाकता येत नाही. त्याच्या जोडीला टीबी घ्या. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद असते, त्याला पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते पाचशेवरून वाढवले. पण पहिले दोन महिने काम बंद ठेवावं लागलेल्या सलूनवाल्याचं दुकानभाडं त्या हजारात निघत नाही. सलूनचं नाव मुद्दाम घेतलं. खोकणाऱ्या माणसाकडून दाढी कोण करून घेणार, आणि आजार लपवून तो करत राहिला तर पसरवणार कुणाला?

आता ब्लाउजवाल्या ताई. त्या दवाखान्यात दाखल झाल्याच नाहीत, त्यामुळे डिस्चार्ज कार्डाचा त्यांना उपयोग नाही. त्यांच्यासाठी दुसरी गोष्ट लागेल आणि तिच्यासाठी आपल्याला दिल्लीला पत्र लिहावं लागेल. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम ४५ मध्ये असंघटित, गिग आणि प्लॅटफॉर्म (म्हणजे सुटी किंवा ॲपवरून मिळणारी कामं करणाऱ्या) कामगारांसाठी ईएसआयचे लाभ देणारी योजना केंद्र सरकारला करता येईल, अशी सोय आहे. असंघटित कामगाराच्या व्याख्येत स्वतःचा धंदा करणारेही येतात. करता येईल म्हटलंय, करावीच असं म्हटलेलं नाही. गिग कामगारांसाठी निदान कंपन्यांच्या उलाढालीतून एक-दोन टक्के घेण्याची तरतूद संहितेत आहे. ताईंची कसली उलाढाल आणि कसली कंपनी?

तर हे सुचवतो. महिना १५ हजार उत्पन्न जाहीर करणाऱ्याने मालकाचा आणि कामगाराचा मिळून चार टक्के हिस्सा स्वतः भरायचा : महिना ६००, वर्षाचे ७,२००. आणि त्याने भरलेला व्यवसाय कर, ते २,५०० रुपये, राज्याने त्यात वळते करायचे. राहिले ४,७००, म्हणजे महिना चारशेच्या आत. यात आजारपणाचे ७० टक्के, कुटुंबाचा औषधोपचार, बाळंतपण, सगळं आलं. ज्याला मालक नाही त्याच्या मालकाचा थोडा वाटा सरकारने उचलायचा, आणि तोही त्याच्याच करातून. इतक्या स्वस्तात मालक होण्याची संधी सरकारला पुन्हा मिळायची नाही.

लोक आजारी पडल्यावरच नाव नोंदवतील ही भीती रास्त आहे, पण ईएसआयने तिचा बंदोबस्त आधीच करून ठेवलाय. एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी भरली की तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चची भरली की जुलै ते डिसेंबरमध्ये. हाच नियम जसाच्या तसा लावा. ज्यांना तेवढी दूरदृष्टी नाही ते राहतील बाहेर, त्यांच्यासाठी पहिला मार्ग आहे.

तिसरं मागणं हप्त्याचं. आजारी माणसाला पैशाइतकीच मुदतीची गरज असते. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जहप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. व्याज चढत राहिलं, पण हप्त्याला मुदत मिळाली. तशीच सवलत वैद्यकीय दाखल्यावर एकेका कर्जदाराला का मिळू नये? बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेकडे जावं लागेल, ते आपण राज्यस्तरीय बँकर्स समितीतून मांडू शकता. पण पतसंस्था तर सहकार खात्याच्या अमलाखाली आहेत, आणि आमच्या भागात शिवणयंत्रापासून सलूनच्या खुर्चीपर्यंत सगळं पतसंस्थेच्या कर्जावर येतं. वर्षातून एकदा, शासकीय डॉक्टरच्या दाखल्यावर, तीन हप्ते दंडव्याजाशिवाय पुढे ढकलायची मुभा, एवढं परिपत्रक काढायला सहकार आयुक्तांना किती वेळ लागेल?

बाळंतपण आजारपणात मोडत नाही, पण काम तर थांबतंच. नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पार्लर चालवणाऱ्या बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला ५ हजार, तेही टप्प्याटप्प्याने. दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. दुसरा मुलगा झाला तर काहीच नाही. पार्लरवाल्या बाया सहाव्या-सातव्या आठवड्यात बाळ आईकडे ठेवून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. वरची ईएसआयची योजना झाली तर हा प्रश्न तिच्यातच सुटतो. नाही झाली तर यावर वेगळं पत्र लिहीन, कारण ते दोन ओळींत संपणारं नाही.

सगळं सरकारनेच करावं असं माझं म्हणणं नाही, हेही नोंदवतो. नेदरलँड्समध्ये २००६ पासून स्वतःचा व्यवसाय करणारे वीस ते पन्नास जण एकत्र येतात, दरमहा पैसे टाकतात आणि गटातला कुणी आजारी पडला तर त्याला दोन वर्षांपर्यंत महिन्याचा खर्च देतात. एकमेकांना ओळखणारी माणसं असल्याने खोटं आजारपण चालत नाही. हे वाचल्यावर मला आपली भिशी आठवली नसती तरच नवल. नाभिक संघटना, फोटोग्राफर असोसिएशन, रिक्षा युनियन, सगळ्या तालुक्यांत आहेत. त्यांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या निम्म्यानेही आजारपणाची भिशी लावली तर पहिला महिना निघेल. माझ्या क्लायंटांना मी हे सांगतोच. पण मोठ्या आजाराला वीस माणसांची भिशी पुरत नाही, आणि अशा भिशीला कायद्याचा आधार नसला की पैसे घेऊन पळणारा पहिल्याच वर्षी सापडतो. सहकार खात्याने यासाठी साधे आदर्श उपविधी करून दिले तरी पुष्कळ आहे.

एकदम राज्यभर नको वाटत असेल तर एका जिल्ह्यात वर्षभर करून बघा. सातारा चालेल. इथे एमआयडीसी आहे, दुष्काळी माण-खटाव आहे, महाबळेश्वरच्या हंगामावर जगणारे फोटोवाले आणि घोडेवाले आहेत, आणि जन आरोग्य योजनेतली रुग्णालयंही आहेत. किती जणांनी भत्ता घेतला, किती दिवसांचा, त्यातल्या किती जणांना त्याच दुखण्यासाठी पुन्हा दाखल व्हावं लागलं, एवढे तीन आकडे वर्षअखेर विधिमंडळात ठेवा. शेवटचा आकडा घटला नाही, तर योजना बंद करा. मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

या पत्राची पोच आणि दोन्ही विभागांचं म्हणणं लेखी मिळावं, ही विनंती. मार्गदर्शन मागवण्यात येत आहे, असं उत्तर असेल तर ते कुणाकडून मागवलंय तेही कळवावं.

आपला नम्र,
एक करसल्लागार, सातारा